पासष्ट अंशांवरचा ऑक्टोबर

सातवीण फुलली की मी खिडक्या लावून घेते. फरीदाबादच्या आमच्या सेक्टरात कुणा हौशी अधिकाऱ्याने कधीकाळी रस्त्याच्या दोन्ही कडांना ही झाडं लावून ठेवली आहेत. वर्षभर ती कुणाच्या अध्यातमध्यात नसतात. दसरा जवळ आला की मात्र पानांआडून हिरवट पांढरे गुच्छ बाहेर पडतात आणि संध्याकाळ झाली की वास थेट स्वयंपाकघरापर्यंत येतो. लोकांना तो वास आवडतो, काहीजण मुद्दाम फिरायला निघतात. मला मळमळतं.

परवा मुलगी क्लासहून आली आणि नाक दाबून म्हणाली, "आई, बाहेर इतनी स्ट्राँग स्मेल आहे ना, याला मराठीत काय म्हणतात?"

"उग्र."

"उग्र म्हणजे गुस्सैल ना?"

"वासही उग्र असतो," मी म्हटलं. तिने तो शब्द दोनदा घोळवला आणि मोबाइल चार्जिंगला लावायला निघून गेली. दिल्लीकडे वाढलेल्या मुलांना मराठी शब्द असे एकेक करून, मागतील तेव्हा द्यावे लागतात. या शब्दाबरोबर माझ्याकडे आणखी बरंच काही आहे, ते तिला दिलेलं नाही.

आमच्या इथे ऑक्टोबर हा तापाचा महिना. पाऊस संपलेला, थंडी यायची आहे, हवेत धूर अजून नुसता डोकावतोय. गल्लीत फवारणीची गाडी पांढरा ढग सोडत जाते आणि पोरं त्यात धावतात. लिफ्टमध्ये भेटलेला माणूस कसे आहात असं विचारत नाही, प्लेटलेट किती आहेत असं विचारतो. पपईच्या झाडाला पान राहत नाही आणि ज्यांनी उभ्या जन्मात शेळी पाळली नाही ते शेळीच्या दुधाचा पत्ता सांगतात. मैदानात रामलीलेचे कर्णे चालू असतात. ताप आला की डेंग्यू, आणि डेंग्यू नाही म्हणाले तर व्हायरल. तिसऱ्या कशाचं नाव कुणी काढत नाही. आमची सगळी धडपड त्या तिसऱ्यासाठी होती.

स्क्रब टायफस. गवतात, झुडपांत राहणाऱ्या, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या एका किड्याची अळी चावते आणि हा ताप येतो. चावलेलं कळतही नाही. वेळेवर ओळखला तर डॉक्सीसायक्लीन नावाच्या साध्या कॅप्सूलने दोन-तीन दिवसांत माणूस उठून बसतो. ओळखला नाही तर फुप्फुसं, मूत्रपिंडं, मेंदू, असं एकेक घेत जातो. औषध कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं, अडतं ते फक्त ओळखण्यापाशी. म्हणून तर मी सांगलीहून इतक्या लांब येऊन एका संस्थेच्या तिसऱ्या मजल्यावर इतकी वर्षं काढली. निदान मी स्वतःला तसं सांगत असे.

कोविडमुळे पीसीआर हा शब्द सगळ्यांच्या तोंडी बसला. रक्तात जंतू असला तर त्याच्या डीएनएचे मोजके तुकडे असतात. तेवढ्यावरून काही दिसत नाही, म्हणून त्यांच्या प्रती काढत जायच्या. पीसीआरचं यंत्र त्यासाठी नळी तापवतं, गार करतं, पुन्हा तापवतं. त्याला वीज हवी, एसी हवा, शिकलेला माणूस हवा. आमची पद्धत एकाच तापमानावर चालते. पासष्ट अंश, म्हणजे चहाला उकळी यायच्या बरंच आधी. बोटाएवढीसुद्धा नसलेली नळी, तीत गुलाबी मिश्रण, त्यात रक्तातून काढलेला थेंबभर डीएनए, वर घट्ट टोपण. चाळीस मिनिटं. जंतू असला तर गुलाबीचं पिवळं होतं. नसला तर गुलाबीच राहतं. गावच्या दवाखान्यात गरम पाण्याचा डबा ठेवला तरी पुरे, हे मी किती सभांमध्ये सांगितलं असेल याला गणती नाही.

नळ्या नेहमी तीन लावायच्या. एक रुग्णाची. दुसरीत आम्हीच जंतूचा डीएनए घातलेला, ती पिवळी व्हायलाच हवी. तिसरीत रक्ताऐवजी नुसतं शुद्ध पाणी, ती गुलाबीच राहायला हवी. या पाण्याच्या नळीवर सगळा विश्वास. पाणी पिवळं झालं तर त्या दिवशीचं सगळंच खोटं, उचलायचं आणि फेकून द्यायचं.

हे सगळं सतबीरला माझ्यापेक्षा चांगलं येत असे. तो प्रकल्पातला तंत्रज्ञ. अरवलीच्या पायथ्याशी त्याचं गाव, घरी दोन म्हशी. सकाळी डोंगराच्या कडेचं गवत कापून, वैरण टाकून, मग मोटरसायकलवर तो कामाला यायचा आणि मोज्यांना चिकटलेली कुसळं दारात बसून काढायचा. रक्त काढण्यात त्याचा हात असा हलका की लहान मुलंसुद्धा रडायची राहून जात. चाचणीला तो 'अपना टेस्ट' म्हणत असे. माझ्या तोंडात सदा बघू असतं, ते त्याने पहिल्याच वर्षी पकडलं होतं. कुणी विचारायला आलं की हा परस्पर सांगायचा, "मैडम ने बघू बोला है. बघू मतलब दिवाली के बाद." मी रागावल्यासारखं करी. मला तो आवडायचा, माणूस म्हणून आवडायचा, हे मी त्याला कधी सांगितलं नाही.

आमच्या खोलीच्या भिंतीवर त्याने लाल मार्करने लिहिलेला कागद होता, 'चली हुई नली खोलना सख्त मना है.' नियम माझा, अक्षर त्याचं. पिवळ्या झालेल्या नळीत त्या एका तुकड्याच्या अब्जावधी प्रती असतात. टोपण उघडलं की डोळ्यांना न दिसणारे कण हवेत जातात. मग ते हातमोज्यांवर बसतात, पाण्याच्या बाटलीत पडतात, आणि पुढच्या प्रत्येक नळीत जे शोधायचं ते आधीच सापडून ती पिवळी होते. स्वयंपाकघरात मिरचीची फोडणी दिली की बाहेरच्या खोलीतला पाहुणा खोकतो, तसं. नवीन येणाऱ्या प्रत्येकाला मी हे फोडणीचं उदाहरण देत असे आणि सतबीर मागे उभा राहून खोकून दाखवत असे.

चार वर्षांपूर्वीच्या त्या ऑक्टोबरात आमचा शोधनिबंध एका परीक्षकाकडे अडला होता. सगळं ठीक आहे म्हणत त्याने एक शेपूट लावून दिलं होतं: रंग बदलतो ते दिसलं, पण आत खरोखर त्याच तुकड्याच्या प्रती झाल्या हे जेलवर चालवून दाखवा, फोटो जोडा. जेलवर चालवायचं म्हणजे नळीतला थेंब एका पारदर्शक लगद्यात घालून वीज सोडायची, की तुकडे पट्ट्या होऊन दिसतात; म्हणजे चाललेली नळी उघडणं आलं. त्यासाठी कॉरिडॉरच्या टोकाला वेगळी खोली आहे. तिथे त्या आठवड्यात रंगकाम चालू होतं, शिड्या आणि चुन्याची पिंपं. रंगाऱ्यांनी सोमवार सांगितला होता. मुदत शुक्रवारची होती.

मी माझ्याच टेबलावर नळी धरली. सतबीर बाजूला पेट्या लावत होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे.

"मैडम जी, यहीं?"

"दो मिनट का काम है."

उठून त्याने एसी बंद केला, कण पसरू नयेत म्हणून. मला ते कळलं आणि थोडी लाजही वाटली, पण नळी मी उघडलीच. फोटो सुरेख आला. शुक्रवारी दुपारी पाठवूनही टाकला.

सोमवारी पाण्याची नळी पिवळी झाली.

त्यानंतरचे दिवस माझ्या आठवणीत ब्लीचच्या वासाचे आहेत. टेबलं पुसली, दारांच्या मुठी पुसल्या, उघडलेल्या सगळ्या बाटल्या फेकल्या. पाणी पिवळंच. दुसऱ्या विभागातून पाणी मागून आणलं, तेही पिवळं. नवीन रसायनांची मागणी खरेदी विभागात गेली आणि पुढे दसरा, मग शनिवार-रविवार, मग कुणाची तरी रजा. बाहेर तापाचा हंगाम भरात होता, दवाखान्यांतून नमुने येत होते, आणि आम्ही ते उणे वीसच्या फ्रीजरमध्ये रचून ठेवत होतो. मी सगळ्यांवर चिडत होते. नळी कुणी उघडली हे खोलीत दोघांनाच माहीत होतं, आणि दुसरा कुणाला सांगणार नव्हता.

सतबीर पुसायला वाकला की थांबून थांबून उठायचा. माझ्या लक्षात आलं होतं. मी म्हटलं, मास्क लावा, ब्लीचने होत असेल. दोन दिवसांनी तो आला तेव्हा डोळे लाल होते, अंगात स्वेटर होता. कॉलनीतल्या एका दवाखान्यात डेंग्यूसाठी रक्त दिलं होतं, चाचणी निगेटिव्ह आली होती, डॉक्टरांनी मौसम आहे, व्हायरल असेल असं सांगून गोळ्या दिल्या होत्या. रक्त देताना त्याने एक नळी जास्तीची भरून आणली होती. जांभळ्या टोपणाची, रुमालात गुंडाळलेली.

"मेरा भी लगा दो, मैडम जी. अपना टेस्ट है, अपने पे भी देख लें."

मी सांगितलं की सध्या काही लावण्यात अर्थ नाही. तो हसला आणि स्वतःच लावायला बसला. चाळीस मिनिटं तो स्टुलावर भिंतीला डोकं टेकून होता. मग त्याने रॅक माझ्यासमोर धरला. तिन्ही नळ्या पिवळ्या, हळदीसारख्या.

"मेरा पीला है."

"पानी भी पीला है, सतबीर जी. सब झूठ है."

"मतलब मेरा भी झूठ?"

"सब झूठ. घर जाके आराम करो. नया सामान आएगा तब दोबारा देखेंगे."

"बघू," तो म्हणाला, माझ्याच चालीवर.

खोटं मी बोलले नव्हते. कुठल्याही पाठ्यपुस्तकात हेच लिहिलेलं आहे: पाणी पिवळं, म्हणजे निष्कर्ष काढायचा नाही. निष्कर्ष काढायचा नाही आणि सगळं खोटं, या दोन्हींत किती अंतर आहे ते मला आता दिसतं. त्या दिवशी मला काहीच माहीत नव्हतं, एवढंच खरं होतं. मी मात्र माहीत असल्यासारखं सांगितलं.

माझ्या भाषणांमध्ये एक चित्र असतं. ही अळी जिथे चावते तिथे कधीकधी लहानशी काळी खपली धरते, सिगरेटचा चटका बसल्यासारखी. कमरेला, काखेत, जिथे कपडा घट्ट बसतो अशा जागी. ती दुखत नाही, म्हणून रुग्ण सांगत नाही, म्हणून डॉक्टरांनी विचारायचं आणि कपडे बाजूला करून बघायचं. हे वाक्य मी शेकडो डॉक्टरांना ऐकवलं आहे. पाच दिवसांचा ताप, रोज डोंगराकडेचं गवत कापणारा माणूस, डेंग्यू नाही, ऑक्टोबर महिना. माझ्यापासून हातभर अंतरावर तो बसला होता आणि मी त्याला विचारलं नाही. माझा सगळा जीव पाण्याच्या नळीत अडकला होता.

त्या आठवड्यात मी दोनदा फोन केला. "ठीक हूँ, मैडम जी," तो दोन्ही वेळा म्हणाला. दुसऱ्यांदा ते चार शब्द त्याने दोन श्वासांत म्हटले. मी ऐकलं आणि आराम करा म्हटलं. तापाच्या नवव्या दिवशी त्याला मोठ्या रुग्णालयात नेलं तेव्हा फुप्फुसं भरली होती. तिथे कुणीतरी कॅप्सूलचं औषध सलाइनमधून सुरूही केलं, म्हणजे तिथल्या कुणालातरी ते तिसरं नाव सुचलं होतं. उशीर झाला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला. मी तेव्हा कॅन्टीनमध्ये राजमा-चावल खात होते. फोन ठेवून मी ताटातलं संपवलं, हे मला नीट आठवतं, आणि का संपवलं ते आठवत नाही.

त्याची बायको संतोष मला पहिल्यांदा तेव्हाच, त्याच्या गावच्या घरी भेटली. बायकांच्या घोळक्यात ती घुंघट ओढून बसली होती. मला बसायला कुणीतरी खुर्ची आणून दिली, एकटीलाच, कारण मी मॅडम. कुणीतरी डेंग्यूला शिव्या देत होतं. संतोष हळूच म्हणाली की अंघोळ घालताना कमरेवर काळा डाग दिसला, बिडीने भाजल्यासारखा, आणि ते तर बिडी ओढायचे नाहीत. मी खुर्चीतून उठले. परत बसले.

रसायनं आली ती तेराव्यानंतर. आम्ही तोवर दुसऱ्या मजल्यावरची एक खोली मागून घेतली होती, तिथे काहीच जुनं नेलं नव्हतं. मी दार लावून एकटीने तीन नळ्या लावल्या. फ्रीजरमधल्या त्या जांभळ्या टोपणावर त्याच्याच अक्षरात त्याचं नाव होतं, पुढे 'स्वयं' असं लिहिलेलं. विसाव्या मिनिटाला त्याच्या नळीचा रंग फिकट झाला. तिसाव्याला केशरी. चाळीस मिनिटं होईपर्यंत मी बघत होते, आणि सबंध वेळ मनात एकच मागणं होतं की पाणी पिवळं होऊ दे. हा प्रार्थनेचा प्रकार जगात दुसऱ्या कुणी केला नसेल. पाणी गुलाबी राहिलं. सतबीरची नळी पिवळी झाली.

वहीत मी लिहिलं. नमुना, वेळ, तापमान, निष्कर्ष. मग कुणाला सांगायचं ते सुचेना, म्हणून कुणालाच सांगितलं नाही. नवरा म्हणाला, तुझी तब्येत उतरलीय. मी म्हटलं, हवा वाईट आहे. नोव्हेंबरात दिल्लीकडे हे उत्तर कुणालाही पटतं.

शोधनिबंध छापून आला. जेलचा तो फोटो त्यात आहे, चौथी आकृती, भाग ब. पट्ट्या अगदी स्वच्छ. शेवटी आभारांत सतबीरचं नाव आहे, तांत्रिक साहाय्याबद्दल. आता नळीची रचनाही बदलली, टोपण असं बसतं की तोडल्याशिवाय उघडत नाही. जिल्ह्याच्या काही दवाखान्यांत चाचणी वापरून बघताहेत आणि तिथून फोन येतात, मॅडम, पेशंट बरा झाला. मला आनंद होतो. तो खराच असतो, पण फोन ठेवेपर्यंतच टिकतो.

दर वर्षी सातवीण फुलली की मी ठरवायची, यंदा संतोषला सांगायचं. दर वर्षी कामं निघायची. पदराला बघू बांधलेलंच होतं. तिला संस्थेत रोजंदारीवर काम मिळावं म्हणून मी खटपट केली, ते जमलं नाही. तिच्या मुलीच्या शाळेसाठी अर्ज लिहून दिले. ही सगळी दुसरी बोलणी होती, त्या एका बोलण्याच्या ऐवजी केलेली.

यंदा गेल्या रविवारी तिच्या गावी गेले. गावाबाहेर रस्ता संपतो तिथे बाभळी, इथल्या भाषेत कीकर, मागे अरवलीचे उघडे खडक, मध्ये कमरेएवढं गवत. संतोष गवत कापून भारा घेऊन येत होती. पायांत गमबूट होते. ते मी दिले होते, म्हशी गवत खातात तर बूट लागतीलच असं काहीतरी मोघम सांगून. भारा टाकून तिने हात धुतले, माझ्यासाठी खाट झटकली. या वेळी मी ती बसेपर्यंत बसले नाही.

सांगताना मी क्रमाने सांगितलं, वहीत लिहितात तसं. नळी मी उघडली. त्यामुळे सगळं बिघडलं. त्यांची नळी पिवळी आली तेव्हा मी खोटी म्हटली. नंतर पुन्हा लावली, आणि ती खरी होती. त्या दिवशी मी ओळखलं असतं तर कॅप्सूल होती. "गलती मेरी थी," मी म्हटलं. माझा आवाज मला कुणा दुसऱ्याचा वाटत होता.

संतोष म्हशीकडे बघत होती. मान न वळवता बोलली.

"उस दिन घर आके बोले थे मुझसे. कि मेरा पीला आया है. मैं तो डर गई थी, मैंने कहा अभी चलो बड़े अस्पताल. मैंने तो कपड़े भी थैले में डाल लिए थे." तिने पदराने तोंड पुसलं. "फिर बोले, रहने दे. मैडम ने कह दिया झूठ है तो झूठ है."

मला वाटलं होतं की माझी चूक मला पूर्ण माहीत आहे. चार वर्षं मी तिचा प्रत्येक कोपरा पुसत होते. ती भरलेली थैली मला माहीत नव्हती.

"तो उस दिन वो सच था?" तिने विचारलं.

"सच था."

ती उठली, भाऱ्याची दोरी सोडली आणि गवत म्हशींपुढे पसरू लागली. माझ्याकडे पाठ होती.

"वो तो रोज कहते थे," ती म्हणाली, "अपना टेस्ट एकदम पक्का है."